सदूचे कान

वजीरभाई कुवेतहून कायमचा परत आला तो मशीनची करवत घेऊनच. साल पंच्याऐंशी. तोवर रत्नागिरीच्या आसपास झाड तोडायचं म्हणजे कुऱ्हाड, कोयता आणि दोघांनी ओढायची लांब करवत. घरावर कललेला आंबा, विजेच्या तारांत शिरलेला फणस, देवळाच्या कौलांवर आलेला पिंपळ, असली अडचणीची कामं वजीरभाईची टोळी घ्यायची. टोळीत माणसं तीन. काशीराम सगळ्यांत वडील, साठीला टेकलेला. तो खालून कुऱ्हाड चालवायचा आणि कुऱ्हाडीपेक्षा जीभ जास्त. सदू आणि विठू झाडावर चढायचे. त्यातला विठू जुना. बारा वर्षं चढत होता, तेव्हा मशीन आपल्याच हातात येणार हे त्यानं धरूनच ठेवलं होतं.

वजीरभाईनं दोघांची परीक्षा घेतली. अंगणात सुरूचा ओंडका आडवा टाकला. विठूनं मशीन लावलं, तर चेन लाकडात अडकली आणि मशीन दोन आचके देऊन बंद पडलं. सदूनं लावलं आणि भाकरीसारखी गोल चकती कापून वजीरभाईच्या पायाशी पाडली.

"झालं," वजीरभाई म्हणाला. "मशीन सदूकडं. विठू, तू दोर सांभाळ."

दोर सांभाळणं काही हलकं काम नव्हतं. कापायच्या फांदीला दोर बांधायचा, तो वरच्या बेचक्यातून खाली घ्यायचा, बुंध्याला दोन वेढे द्यायचे आणि दुसरं टोक विठूनं धरायचं. फांदी सुटली की तोल राखत हळूहळू जमिनीवर टेकवायची. वरच्या माणसाचा जीव त्या दोन हातांत. पण विठूच्या मनानं एकच घेतलं, की आपल्याला झाडावरून उतरवलं.

काशीरामनं पहिल्याच आठवड्यात मशीनला नाव ठेवलं, सासू. "दहादा दोरी ओढून पाया पडा तेव्हा तोंड उघडते. आणि एकदा उघडलं की कुणाचं आयकत नाय."

सदू सकाळी मशीन मांडीवर घेऊन भुसा झाडायचा, प्लग पुसायचा, चेनचे दात कानशीनं घासायचा. काशीराम विचारायचा, "सासूबायचे दात घासलेस काय रे?"

"घासले. तुमचे उरलेत तेवढेपण घासून देऊ काय?"

सदूला मस्करी करता यायची आणि सोसताही यायची. म्हणूनच त्याच्या वाट्याला जास्त यायची. त्याचे कान मोठे, डोक्यापासून सुटलेले. काशीराम म्हणायचा, वाऱ्याच्या दिवशी तुला बांधायला नको, कान पसरून अलगद खाली येशील.

एकदा तासभर मशीन चालवून सदू खाली आला. कान गच्च झालेले. विठूनं काहीतरी विचारलं ते त्याला कळलं नाही. "काय?" त्यानं विचारलं. विठूनं परत तेच विचारलं, पण आवाज न काढता, नुसते ओठ हलवून. का, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. काशीरामला खूण करावी लागली नाही. तोही तसंच तोंड हलवायला लागला. सदू एकदा याच्या तोंडाकडं बघे, एकदा त्याच्या. कानात करंगळी घालून त्यानं जोरात हलवली. मग विठू एकदम मोठ्यानं म्हणाला, "मेल्या, तीनदा सांगितलं, पाण्याची कळशी दे!"

सदूनं मुकाट्यानं कळशी दिली. विठू पाणी प्याला, तेव्हा हसू आवरता आवरता ते नाकातून बाहेर आलं.

त्यानंतर तो खेळच झाला. कामावर, वाटेत, जेवताना. दोन वाक्यं आवाजात बोलायची, तिसरं नुसतं ओठांनी. स्टँडजवळच्या गंगुबाईच्या हॉटेलात विठूनं तिलाही सामील करून घेतलं. गंगुबाई चहाचा ग्लास पुढं धरून ओठ हलवायची, बाकावरची गिऱ्हाईकं ओठ हलवायची, आणि मधे बसलेला सदू सगळ्यांकडं बघून हसत मान डोलवायचा. "होय, होय," म्हणायचा. "बरोबर बोलताव." कोण काय विचारतंय याचा पत्ता नाही आणि माणूस होय म्हणतोय. विठूच्या डोळ्यांत हसून पाणी यायचं. असं पोटभर तो मशीन सदूकडं गेल्यापासून हसला नव्हता.

पावसाळा संपता संपता सदूनं त्याला बाजूला घेतलं. कानात कापसाचे बोळे होते आणि लसणीच्या तेलाचा वास येत होता.

"विठू, माझे कान गेलेत रे. गंमत म्हंजे घरी सगळं आयकू येतं. हितं आलं की जातं. मशीनच्या आवाजानं बधिर होत असतील."

"होत असतील," विठू म्हणाला.

"वजीरभाईला बोलू नको. बहिऱ्याच्या हातात तो मशीन ठेवायचा नाय. तू खालून जरा मोठ्यानं बोलत जा, म्हंजे झालं."

"आयशप्पत नाय बोलत."

विठूनं शपथ पाळली. वजीरभाईला सांगितलं नाही. काशीरामला मात्र फणसाच्या आड नेऊन, सदूच्या आवाजाची नक्कल करत सगळं सांगितलं. या वेळी काशीराम हसला नाही. तंबाखू मळत म्हणाला, "पुरे कर आता. त्यानं खरंच धरलंय."

"पहिले हसलाव कोण? तुम्हीच ना?"

काशीरामनं तंबाखू तोंडात टाकली आणि विषय तिथंच राहिला.

मग विठूनं खेळ झाडावर नेला. सदू वर कमरेला दोर बांधून उभा, मशीन भरात चालू, आणि खालून विठू तोंड उघडमिट करी. सदूला वाटे, काहीतरी सांगतोय. तो मशीन बंद करून ओरडे, "काय?"

"काय नाय! काम कर!"

मशीन परत चालू करणं म्हणजे लोंबकळत, एका हातानं, दहा वेळा दोरी ओढणं. सदूचा शर्ट घामानं पाठीला चिकटायचा. असं दिवसातून चारदा-पाचदा. एक दिवस वजीरभाई कामावर आला आणि त्यानं हे बघितलं. सदू खाली उतरल्यावर सगळ्यांसमोर त्याला झापलं. "मशीन काय खेळणं हाय? घडीघडी बंद, घडीघडी चालू! स्टार्टरची दोरी तुटली तर हितं मिळत नाय, कुवेतला जाऊ काय मी? खालची माणसं बोलतात ते एकदा सांगून तुला समजत नाय?"

सदू खाली बघत राहिला. तेलकट बोळा कानातून काढून त्यानं मुठीत लपवला. विठू दोराचं वेटोळं करत उभा होता. तेव्हा त्याला बोलता आलं असतं. त्याच्या मनात आलंही. पण त्याच वेळी हेही आलं, की असं अजून दोन-तीनदा झालं तर मशीन सदूकडून सुटेल.

त्या दिवसापासून सदूनं मधेच मशीन बंद करणं सोडलं. खाली तोंडं हललेली दिसली की हात वर करून, समजलं अशी खूण करायचा आणि पुढं कापत राहायचा.

मे महिन्यात मालगुंडच्या अलीकडं एका वाडीत काम निघालं. शाळेच्या कौलांवर रायवळ आंब्याची जाड फांदी आली होती, मधून पोखरलेली. शाळेला सुट्टी होती, पाऊस पडायच्या आत फांदी उतरवायची होती. सदू वर चढला. फांदीला मधोमध दोर बांधला, वरच्या बेचक्यातून खाली सोडला. विठूनं बुंध्याला दोन वेढे देऊन टोक धरलं. काशीराम पडवीच्या बाजूला उभा राहून लोकांना लांब ठेवत होता.

फांदी अर्ध्याच्या वर कापून झाली होती तेव्हा विठूला दोर सैल लागला. त्यानं वर बघितलं. फांदीची साल सुटली होती आणि दोराची गाठ सालीसकट शेंड्याकडं सरकत होती. एक हात, दोन हात. आता फांदी सुटली की तिचं बूड झोका घेऊन सरळ खोडावर येणार होतं, आणि खोडाला पाय टेकून सदू उभा होता.

"थांब!" विठू ओरडला. "सदू, थांब! गाठ सरकली!"

सदूनं खाली बघितलं. विठूचं तोंड हलताना त्यानं नक्की बघितलं. विठू घसा फोडून ओरडत होता, पण मशीनच्या त्या आवाजात देवालाही ऐकू आलं नसतं. दोन्ही हात दोरावर, खूण करायला हात मोकळा नाही. सदूनं डावा हात वर केला, समजलं म्हणून. थोडासा हसला. आणि परत मशीन दाबलं.

फांदी कडाडली. विठूच्या हातातून दोर तळवे सोलत गेला. बूड आलं ते सदूच्या उजव्या नडगीवर, खोडाशी चेचत. मशीन हातातून सुटून खाली मातीत पडलं आणि तिथंच घरघरत राहिलं. ते बंद करायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. सदू कमरेच्या दोराला लोंबत होता. विठू वर चढला, त्याला सोडवून खाली आणलं. तो कसा चढला, त्या सोललेल्या हातांनी, हे वाडीतले लोक पुढं बरेच दिवस कौतुकानं सांगत.

वाडीतल्या एकाच्या टेम्पोतून सदूला रत्नागिरीला नेलं. वजीरभाई दवाखान्यात धावत आला. "झालं कसं?" त्यानं विचारलं.

"त्याला आयकू कमी येत होतं," काशीराम म्हणाला. "आमच्यापासून लपवत होता. ह्यो गळा फाटेपर्यंत ओरडला. नाय काय रे विठू?"

विठूनं काशीरामकडं बघितलं. काशीराम भिंतीकडं बघत होता.

"होय," विठू म्हणाला.

सदूचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

पाचव्या दिवशी विठू केळी घेऊन भेटायला गेला. तळव्यांना पट्ट्या होत्या. दाराशी सदूची बायको राही बसली होती. ती उठून त्याच्या पाया पडायलाच आली. "भावजी, तुम्ही होताव म्हणून माणूस हाती लागला." मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "पण मला एक समजत नाय. घरात मांजर पडवीत आलं तरी ह्यांना जाग यायची. कान गेले कधी?"

विठू केळी तिच्या हातात देऊन आत गेला.

सदू छताकडं बघत पडला होता. चादर उजवीकडं सपाट होती. विठू स्टुलावर बसला.

"डॉक्टरनं काल कान तपासले," सदू म्हणाला. "मीच सांगितलं, बघा म्हणून. मागं उभा राहून हळू बोलला, मी सगळं सांगितलं. कान चांगले हायत म्हणाला. पहिल्यापासून चांगले."

विठू तळव्यावरची पट्टी चाचपायला लागला.

"किती दिवस करत होताव रे?"

"सदू..."

"गंगुबाईपण?"

विठूनं होय म्हणून मान हलवली.

"काशीराम?"

"होय."

सदूनं डोळे मिटले. विठूला वाटलं, आता हा ओरडेल, शिव्या घालेल, तांब्या फेकून मारेल. तो तयारच होऊन बसला होता. मनातून त्याला तेच हवं होतं. पण सदू ओरडला नाही. दाराकडं मान वळवून राही आत नाही ना, एवढं त्यानं बघितलं.

"हिला सांगू नको," तो हळू आवाजात म्हणाला. "कुणालाच नको. कान गेले म्हणून पाय गेला, असंच राहू दे. बहिरा माणूस म्हंजे निदान त्याला काय तरी झालेलं असतं. मस्करीत पाय गेला म्हटल्यावर पोरांना काय सांगू? लोक हसतील रे. तुम्ही हसलाव तसे."

"मी वजीरभाईला खरं सांगतो. आत्ता जातो."

"सांगितलंस तर बघ," सदू म्हणाला. "एवढं तरी आयक माझं."

विठूनं ऐकलं. त्याला ते ऐकणं सोपं गेलं, आणि सोपं गेलं हे सदूलाही दिसलं.

पावसाळ्यानंतर मशीन विठूच्या हातात आलं. वजीरभाईनं विचारलंही नाही, नुसतं पुढं केलं. विठू लवकर शिकला. खाली दोर धरायला काशीरामच्या नात्यातला एक जण आला. काशीराम आता झाडाखाली मस्करी करत नसे, पण दोन वर्षांत परत करायला लागला.

विठू पुढं एकदाच सदूच्या घरी गेला. सदूच्या वाडीच्या वरच्या अंगाला काम होतं, दुपारी पाणी मागायचं निमित्त झालं. सदू पडवीत बसून काथ्या वळत होता, पाय लांब केलेला, शेजारी कुबडी. राही त्याच्या कानाशी वाकली आणि शिरा ताणून ओरडली, "विठूभावजी आले हायत!"

सदूनं दोनदा "काय?" विचारलं. ती तिसऱ्यांदा ओरडली तेव्हा त्यानं मान वर केली, विठूकडं बघितलं आणि परत काथ्या वळायला लागला.

"असं हाय बघा," राही चहाची कपबशी आणत म्हणाली. तिचा आवाज पार बसला होता, फुटक्या भांड्यासारखा. "दिवसभर वरडायचं. पोरंपण वरडतात. आता तर काहीच आयकू येत नाय ह्यांना."

विठूनं चहा बशीत ओतला. पलीकडं सदूच्या बोटांतून काथ्या सरकत होता, दोन पदर एकात एक. त्यानं हातातला पीळ घट्ट केला, थुंकी लावली आणि पुढचा पदर घेतला.

विठूनं चहा संपवला आणि तो कामावर परत गेला.