पुलाखालच्या गाद्या

गौस पिंजाऱ्याला ग्रामपंचायतीचं बोलावणं आलं तेव्हा त्याच्या मनात पहिली शंका आली ती कापसाच्या धुळीची. समोरच्या दूध संस्थेत कुणाच्या तरी नाकात कापूस गेला असणार आणि कुणी तरी अर्ज ठोकला असणार. निरोप घेऊन आलेला आकाराम, म्हणजे गावचा घंटागाडीवाला, दारातूनच म्हणाला, "सरपंचताईंनी बोलावलंय. आत्ताच्या आत्ता या म्हनल्यात."

"कशाला गा?"

"मला काय ठावं? टेबलावर फोटो मांडून बसल्यात."

फोटो म्हटल्यावर गौसचा उरलासुरला धीर खचला. त्यानं अंगावरचा कापूस झटकला, टोपी सारखी केली आणि सलिमाला, आपल्या बायकोला, दुकानावर बसवलं. तसं दुकान सांभाळण्यासारखं काही उरलं नव्हतं. कुरुंदवाडच्या वाटेवरच्या या नांदणवाडीत त्याच्या घराण्यानं तीन पिढ्या गाद्या भरल्या होत्या. लग्न ठरलं की आधी पिंजाऱ्याचं दार, मग वाजंत्र्याचं, अशी रीत होती. आता फोमच्या तयार गाद्या येत, प्लास्टिकात गुंडाळून, टेम्पोत उभ्या बांधून. गेल्या महिन्यात गौसनं दोन उशा भरल्या, त्यातली एक घरचीच.

सरपंच संयोगिता तिशीची, शेतकी शिकलेली, गावची सून. तिनं एकेक फोटो गौसकडं सरकवला. ओढ्यावरच्या पुलाखाली गाद्याच गाद्या. काही भिजून फुगलेल्या, काही फाटून आतला कापूस काट्याकुट्यांना लोंबलेला.

"एक्केचाळीस आहेत, चाचा. मी खाली उतरून मोजल्या. घंटागाडीत ओला कचरा जातो, सुका जातो, पण गादी कुठल्याच डब्यात बसत नाही. मग लोक गुपचूप पुलाखाली ढकलून येतात. पावसाळ्यात पुलाचे गाळे तुंबले आणि ओढ्याकाठच्या चार घरांत पाणी शिरलं, आठवतं ना?"

गौसला आठवत होतं. त्यातलं एक घर त्याच्या बहिणीचं होतं.

संयोगितानं मनातलं सांगितलं. ओढ्यात गादी टाकली तर दंड, असा ठराव ग्रामसभेत करायचा. पण नुसत्या दंडानं माणसं सुधारत नाहीत, फक्त जागा बदलतात. म्हणून दर सोमवारी घंटागाडीची एक फेरी केवळ गाद्यांसाठी. जुन्या शाळेच्या दोन रिकाम्या खोल्या गौसला, वीज पंचायतीची. त्यानं आपलं पिंजायचं मशीन तिथं न्यायचं, आणि निघेल तो कापूस त्याचा.

गौसनं सगळं ऐकून घेतलं. धुळीचा अर्ज नव्हता, एवढ्यानंच त्याचा अर्धा जीव भांड्यात पडला होता. पण तो धंद्यातला माणूस.

"ताई, बेत झकास हाय. पन ह्या गाद्या कुनाच्या हाईत ठावं हाय का?"

"कुणाच्या?"

"मयताच्या. धातल्या आठ तरी तसल्याच."

घरात माणूस गेलं की त्याचं अंथरूण शिवेवरच्या ओढ्यात नेऊन टाकायचं, हे गावात कुणी कुणाला शिकवत नाही. त्या कापसावर पुन्हा झोपणार कोण?

संयोगितानं पेन खाली ठेवलं. "हे माझ्या ध्यानातच आलं नाही," ती मोकळेपणानं म्हणाली. "मग तुम्हीच सांगा चाचा, काय करायचं?"

पंचायतीत गौसला आजवर लोकांनी बरंच काही सांगितलं होतं. विचारलं कुणी नव्हतं. तो जरा गडबडला आणि म्हणाला, "आठ दिवस द्या. आनि त्यातली एक कोरडी गादी माझ्याकडं धाडा."

दुसऱ्या दिवशी आकारामनं गादी आणून टाकली. गौसनं कोपऱ्याचा टाका उसवायला घेतला आणि त्याचा हात थांबला. दुहेरी गाठ, आत दडवलेली. ही गाठ त्याच्या बापाची. निळ्या पट्ट्यांची ही खोळही त्याला ओळखता आली. गावातल्या हंबीररावांच्या लग्नातली गादी! गौस तेव्हा नुकताच धंद्यात बसला होता. हंबीररावांची बायको चिमणाबाई दिवाळीआधी गेली, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"अजी, वास येतोय काय?" सलिमानं विचारलं.

"न्हाय. कापूस बघ तू. असला आता कुठं मिळतोय?"

तीन दिवस त्यांनी तो गच्चीवर उन्हात घातला, मग पिंजला. दडपून दडपून घट्ट झालेला तो कापूस असा फुलला की मशीनमागची भिंत दिसेना. सलिमानं त्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तसाच ठेवला.

"कुणी झोपनार न्हाय म्हंता," ती म्हणाली, "पन मानसानंच झोपाय पायजे असं कुठं हाय?"

समोर दूध संस्थेच्या आवारात सकाळचं दूध घालायला माणसं येत होती. थंडी सुरू झाली होती. नदीकाठच्या गारठ्यात दरसाल गावात पाच-सहा वासरं दगावतात, लोक त्यांच्या पाठीवर गोणपाट बांधतात आणि ते दवानं भिजतं. सलिमानं खोळ उकळत्या पाण्यातून काढून वाळवली, वासराच्या मापानं कापली, आत कापूस भरला, आडवे-उभे टाके घातले. पोटाखाली बांधायला दोन बंद. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झूल तयार झाली.

ग्रामसभा रविवारी सकाळी होती. संयोगितानं ठराव वाचला तेव्हा मागून अमरसिंह नावाचा एकजण ओरडला, "मढ्याच्या गाद्या आता गावभर फिरवनार व्हय?" हशा पिकला. गौसला चार माणसांत बोलायची सवय नव्हती. तो उठला, झूल वर धरली आणि एवढंच म्हणाला, "मानसाला न्हाय. वासराला."

आकारामनं आपलं वासरू आणलंच होतं. झूल बांधली तसं ते आधी बावचळलं, मग शांत उभं राहिलं. सोडायला गेल्यावर मात्र ते आकारामला ढुशी मारून पळालं आणि माणसं पुन्हा हसली, पण आता त्या हसण्यात टोमणा नव्हता.

तेवढ्यात पुढच्या ओळीतले हंबीरराव उठले. त्यांनी वासराला अडवलं आणि निळ्या पट्टीवरून हात फिरवला.

"गौस, ही माझ्या घरातली न्हवं?"

गौसला खोटं बोलून भागणार नव्हतं. "व्हय, आण्णा. माझ्या बाची गाठ वळखली मी. तुमाला आधी इचारायला पायजे हुतं. चुकलो."

हंबीररावांनी झुलीचा काठ चिमटीत धरून बघितला.

"कापूस लई निघाला?"

"निघाला की. ऱ्हायलेला तसाच ठेवलाय."

"मग त्यातली एक उशी मला भरून दे."

"आण्णा, अवो, टाकलेली गादी..." अमरसिंह पुटपुटला.

हंबीरराव त्याच्याकडं वळले. "टाकली. चार लोक म्हनाले म्हनून टाकली. आरं, त्या गादीवर ती अडतीस वर्सं झोपली. मेली एक दिवस. एका दिवसानं अडतीस वर्सं बाटत्यात व्हय?"

अमरसिंह खाली बसला आणि हात वर व्हायला लागले. बायकांच्या बाजूनं आधी.

म्हणून लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्या सोमवारी घंटागाडीला एकच गादी मिळाली आणि पुलाखाली नवी एक सापडली. चौकशी केली तर ती निघाली सरपंचांच्याच घरची. सासरे विजयसिंह यांनी गड्याकरवी टाकलेली. संयोगितानं दंडाची पावती फाडली आणि संध्याकाळी जेवणाच्या ताटाशेजारी ठेवली. सासरे ताटावरून तसेच उठले. तिसऱ्या दिवशी मात्र पारावर बसून तेच सांगत होते, "आमची सून बापाला बी सोडत न्हाई." त्यानंतर गाद्या यायला लागल्या.

संक्रांतीपर्यंत गावातल्या साठ वासरांच्या अंगावर झुली आल्या, कुणाची पट्ट्यांची, कुणाची फुलांची. त्या थंडीत एकही वासरू गेलं नाही. कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीतून झुलींची मागणी आली तेव्हा सलिमानं ओढ्याकाठच्या तीन बायकांना शिवायला घेतलं, त्यात गौसची बहीणही. हंबीररावांनी उशी नेली त्यानंतर आणखी काही जण येऊन गेले. ते हळू आवाजात बोलत, आईची म्हणत, वडलांची म्हणत, आणि गौस एकही जास्तीचा प्रश्न न विचारता उशी भरून देई.

फोमच्या गाद्या आल्या की मात्र तो अजून वैतागायचा. "हे पिंजायचं कसं? स्पंज हाय निस्ता!" त्या पंचायत महिन्याकाठी गोळा करून शहरात धाडत होती.

एका दुपारी संयोगिता शाळेच्या खोलीत डोकावली. मशीन बंद होतं. पिंजलेल्या कापसाच्या ढिगाला टेकून गौस तोंड उघडं टाकून घोरत होता, दाढीत कापूस अडकलेला.

"उठवू काय?" सलिमानं विचारलं.

"नको, राहू दे," संयोगिता म्हणाली आणि चप्पल काढून सलिमाशेजारी टाके बघत बसली.