वगळलेली सहा पाने

सूचीकाराने एकशे अकरावे पान काचेवर पालथे ठेवले आणि कळ दाबली. उजेडाची पट्टी पुस्तकाखालून सरकत गेली. क्षणभराने तेच पान पडद्यावर उमटले आणि यंत्राला जी ओळ वाचता आली ती हिरवी, अशा एकेक करत सगळ्या ओळी हिरव्या झाल्या. मग त्याने मधली पाने बोटांत एकत्र धरून उलटली आणि थेट एकशे अठरावे काचेवर ठेवले.

पडद्यावर एक चौकट उघडली. ‘११२ ते ११७ ही पाने आढळत नाहीत. पुढे जायचे?’ खाली ‘हो’ आणि ‘नाही’. त्याने दोन्हींपैकी काहीच दाबले नाही; चौकट तशीच ठेवून शेवटपर्यंतची पाने घेतली.

ग्रंथालयात ही नवी यंत्रणा येऊन नऊ दिवस झाले होते. पुस्तक स्कॅन केले की ती ते हव्या त्या आवाजात, हव्या त्या वेगाने मोठ्याने वाचून दाखवी. ग्रंथपालबाईंनी चाचणीचे काम त्याच्याकडे दिले होते. एक तर तो कुरकुर करत नसे. आणि दुसरे म्हणजे, गेली चार वर्षे दर गुरुवारी दुपारी मागच्या खोलीत बसून तो दृष्टी गेलेल्या एका काकूंना पुस्तके वाचून दाखवत होता.

“झालं, तुझी सुट्टी झाली,” देवघेवीच्या टेबलावरची बाई म्हणाली. “यंत्राचा घसा बसत नाही, त्याला रजा लागत नाही. शिवाय ते तुझ्यासारखं तोंडातल्या तोंडात पुटपुटत नाही.”

“मी पुटपुटत नाही.”

“काय म्हणालास? ऐकू नाही आलं.”

तो हसला. तिचे अगदीच खोटे नव्हते. ‘इथे सही करा’, ‘पुस्तक बाहेर गेलंय’ एवढ्यावर त्याचा आठवडा निघे. आपला आवाज कसा आहे हे त्यालाही फक्त गुरुवारीच कळत असे.

काकू पूर्वी टेलिफोन ऑपरेटर होत्या. पहिल्या दिवशी त्यांना सोडायला आलेल्या मुलीने त्याला दाराबाहेर बोलावून घेतले होते. “आईला सगळं चालतं. फक्त एक. माझा धाकटा भाऊ गेला, एकोणीस वर्षांचा होता. पुस्तकात तसलं काही आलं तर…” वाक्य तिने पुरे केले नव्हते. ते त्याने आपल्या परीने पुरे केले. जिथे कुणाचा तरुण मुलगा जाई, तिथली पाने तो सोडून देई आणि पडलेल्या फटीत स्वतःची चार वाक्ये बसवी. सध्याच्या कादंबरीच्या चौदाव्या प्रकरणात धाकटा मुलगा तापाने जात होता. मागच्या गुरुवारी त्याने त्या मुलाला दूरच्या एका धरणाच्या कामावर नोकरी लावून दिली आणि सकाळच्या गाडीत बसवून दिले.

आणि काल मुलीचा फोन आला होता. “हेच पुस्तक आईच्या मोबाइलवर घालून द्याल? पहिल्यापासून ऐकायचं म्हणतेय.”

सहा पाने घातली, तर कुठल्याशा दुपारी, घरात कुणी नसताना, एक परका आवाज त्यांना सांगणार होता की मुलगा गेला, आणि गुरुवारचा माणूस खोटे वाचतो. नाही घातली, तर ते खोटे आता कायमचे होणार होते.

तीन वाजता काकू काठी टेकत आल्या आणि नेहमीच्या खुर्चीत बसल्या.

“ऐकव बघू तुझं ते यंत्र.”

त्याने पहिले पान लावले. आवाज स्वच्छ होता.

“छान वाचतं की. स्वल्पविरामालासुद्धा थांबतं. अशी मुलगी आमच्याकडे भरतीला आली असती तर उभ्या उभ्या घेतली असती.” त्या हसल्या. “पुस्तक सगळं आहे ना त्यात?”

त्याने आवाज बंद केला.

“काकू, सहा पानं नाहीत.”

“फाटली?”

“नाही. मी घेतली नाहीत.”

काकूंनी काठी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर घेतली.

“चौदावं प्रकरण,” त्या म्हणाल्या.

त्याने चमकून त्यांच्याकडे पाहिले.

“अरे, एकतीस वर्षं लोकांचे आवाज जोडून दिलेत मी. समोरचा कागद बघून बोलतोय की मनातलं, ते दुसऱ्या शब्दाला कळतं. वाचताना तू सरळ जातोस. मनातलं सांगायला लागलास की दर वाक्याला दार वाजवून आत येतोस.”

“कधीपासून माहीत आहे?”

“पहिल्या पुस्तकापासून.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू थांबला असतास.”

बाहेर पुस्तकांची गाडी कुणीतरी ढकलत नेली. तिचे एक चाक कुरकुरत लांब गेले.

“घाल ती पानं,” काकू म्हणाल्या. “आईला पोराचं मरण कुणी चोरून ठेवू नये रे. आणि ते यंत्राकडूनच ऐकलेलं बरं. त्याला माझ्या तोंडाकडे बघत बसावं लागत नाही.”

त्याने पुस्तक पुन्हा काचेवर पालथे ठेवले. एकशे बारा, एकशे तेरा. पट्टी सरकत होती, ओळी हिरव्या होत होत्या. सहावे पान झाल्यावर चौकट आपोआप मिटली. पुस्तक पूर्ण झाले होते. काकूंच्या मोबाइलवर ते जायला मिनिटभरही लागले नाही.

घड्याळात अजून पाऊण तास होता. त्याने खुणेची पट्टी काढली आणि मागच्या वेळचे पान उघडले. कागदाचा आवाज ऐकताच काकूंनी हात पुढे केला, चाचपडत पुस्तक शोधले आणि मिटून ठेवले.

“हे आता घरी होईल.”

“मग आज काय वाचू?”

“तुझा तो, धरणाच्या कामावर गेला तो. पोचला का?”

त्याने रिकाम्या टेबलाकडे पाहिले. वाचण्यासारखे काहीच समोर नव्हते.

“पोचला,” तो म्हणाला. “पण गाडीला उशीर झाला. स्टेशनवर न्यायला कुणी आलं नव्हतं.”

“येईल कसं?” काकू म्हणाल्या. “यानं कळवलंच नसेल. कधी म्हणून कळवत नाही.”