सात कोरी घरं

किहीमसमोरच्या खडकावरचा दिवा एकोणीसशे एकोणसाठच्या पावसाळ्यात एकदाही विझला नाही. पण सरकारी वहीला विझलेले दिवे दिसतात, लागलेले दिसत नाहीत. तिच्यात दिसत होती ती सात कोरी घरं.

नारळी पौर्णिमा झाली, समुद्र उघडला आणि तपासनीस दयाराम प्रधान, बी.एससी., पहिल्या होडीने खडकावर उतरला. नियम सरळ होता. दिव्याच्या तेलाच्या टाकीत हवेचा दाब असतो. तो फार वाढून टाकी फुटू नये म्हणून तिच्यावर एक झडप असते. ती दर सोमवारी साफ करायची, तपासायची आणि वहीतल्या ‘साफ केली’ व ‘तपासून ठीक’ या दोन घरांत दोन सह्या करायच्या. ‘तपासून ठीक’ हे घर तीनदा कोरं राहिलं, की माणूस घरी. इथे तर सात होती. बडतर्फीचा कागद दयाराम टाइप करूनच बरोबर ठेवत असे. नाव आणि सही तेवढी बाकी होती.

“गुणाजी, ही घरं कोरी का?”

गुणाजी हा पंचावन्न वर्षांचा कोळी, दिव्यावरचा खलाशी. तो हात पुसत म्हणाला, “भरली न्हाईत म्हनून, सायेब.”

हे उत्तर बिनचूक असल्यामुळे दयारामला जास्तच राग आला.

त्याच होडीतून मुख्य दिवेवाला हरेश्वर परतला होता. ज्येष्ठात भाचीच्या लग्नाला दोन दिवस म्हणून नागावला गेला, समुद्र बिघडला आणि सात आठवडे पाहुणचार झोडून, अंगाने भरून आला. तो म्हणाला, “साहेब, मी आल्या आल्या याला सांगितलं, सात सह्या ठोक नि मोकळा हो! पण हा खडकावर राहून खडक झालाय.”

“तुमी जेवा, दादा,” गुणाजी म्हणाला.

“म्हणजे झडप तपासलीच नाहीस?” दयारामने विचारलं.

“रोज तपासली.”

“मग सही?”

“साफ मीच केली, बशिवली बी मीच. आमच्या होडीवर ज्यानं गाठ मारली, त्यानं ती घट हाय म्हनायचं न्हाय. दुसऱ्यानं ओढून बगायची. सात हप्ते हितं दुसरा कोन व्हता? पाखरांची सही चालंल का?”

दयारामच्या अभ्यासक्रमात हा धडा नव्हता. त्याने कोट काढला आणि टाकीत हवा भरायचा पंप हाती घेतला. शंभर वेळा दट्ट्या दाबल्यावर शर्ट भिजला, दीडशेनंतर पदवी आठवेनाशी झाली. दाबाचा काटा तांबड्या रेघेला टेकला आणि त्याच क्षणी झडप फुस्स करून उघडली. रेघेच्या केसभर आधी नाही, केसभर नंतर नाही. मुंबईच्या कारखान्यातही त्याने इतकी शहाणी झडप पाहिली नव्हती.

त्याने आजच्या घरात सही केली. मग उदार होऊन पेन वरच्या सात घरांकडे वळवलं. “ही पण भरून टाकतो. तुझी नोकरी राहील.”

गुणाजीने तेलकट पंजा पानावर ठेवला. “त्या सोमवारी तुमी मंबैला व्हता, सायेब.”

“अरे, काढून टाकतील तुला!”

“काडू द्या. पन जे बगितलं न्हाय, त्यावर सही नको. उद्या टाकी फुटली, तर वही म्हनंल, समदं ठीक व्हतं.”

हरेश्वरने कपाळावर हात मारला. दयारामने मात्र बडतर्फीचा कागद उलटा केला आणि पाठीमागे लिहिलं : ‘या वहीतील कोरी घरे खरी आहेत, म्हणून भरलेलीही खरी मानावीत. खलाशी कायम ठेवावा. साफ करणारा व तपासणारा एकच माणूस नसावा, असा नियम करावा.’

खात्याने पाठकोरा कागद वापरल्याबद्दल दयारामला ताकीद दिली. नियम सव्वा वर्षाने निघाला, तीन प्रतींत, आणि किनाऱ्यावरच्या प्रत्येक दिव्याला लागू झाला. त्यात गुणाजीचं नाव नव्हतं. गुणाजी मात्र खडकावरच होता. दर सोमवारी झडप साफ करून, हरेश्वरला अंथरुणातून उठवून, पंपाशी उभा करत होता.