अक्कांचं नाक आणि मागची खोली

आमच्या घरात मागची खोली ही एकच अशी, की जिला दोन्ही बाजूंनी खिडक्या आहेत आणि भिंतींना ओल नाही. म्हणून माझ्या सुनेने ती साबणासाठी घेतली. घेतली म्हणजे मी दिली. या घरात माझ्या हातातून सुटल्याशिवाय कुणाला काही मिळत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

सूनबाई घरीच साबण करते. सुरुवातीला मी नाकं मुरडली. दुकानात ढिगाने साबण पडलेत, मग हातमोजे आणि चष्मा चढवून ओट्याशी लढाईला उभं राहायचं कारण काय? पण पहिली वडी अंगाला लावली, माझी कोपरं लोण्यासारखी झाली आणि मी गप्प बसले. माझं गप्प बसणं म्हणजे शाबासकी असते. सून ते ओळखायला शिकली आहे.

काम मात्र जिकिरीचं. कॉस्टिक सोडा पाण्यात सोडायचा, सोड्यावर पाणी कधी ओतायचं नाही, नाहीतर उसळून तोंडावर येतं. ते पाणी निवलं की तेलात घालायचं, दाट होईपर्यंत घुसळायचं, साच्यात ओतून जुन्या चादरीत गुंडाळायचं. दुसऱ्या दिवशी वड्या कापायच्या आणि आठवडेच्या आठवडे फळ्यांवर वाळत ठेवायच्या. वडी तयार झाली का ते मी बघते. जिभेचं टोक लावायचं. चटका बसला तर सोडा अजून जिवंत आहे. आमचे हे विचारतात, "चटका कुणाला बसतो, हिला की साबणाला?" माणूस म्हातारा झाला तरी विनोदाची हौस जात नाही.

तर सगळं सुरळीत चाललं होतं. कोपऱ्यावरच्या पार्लरवालीला आमची एक वडी आवडली होती आणि ती सगळे प्रकार बघायला यायची होती. पसंत पडले तर दर महिन्याला माल. सून आनंदाने भिंतीला धडकत होती. आणि नेमक्या तेव्हा दारात रिक्षा थांबली आणि तिच्यातून दोन ट्रंका, एक गादी आणि माझी थोरली नणंद उतरली.

"मुलाकडे पटत नाही," अक्का उंबऱ्यातूनच म्हणाल्या. "आता इथेच."

अक्का म्हणजे ह्यांच्या मोठ्या बहीण. सगळ्या घराण्यात त्यांच्या नाकाची ख्याती. मी नवी नवरी असताना पहिल्यांदा आमटी केली, तर या बाई दारातूनच हुंगून म्हणाल्या, "मीठ विसरलीस." आणि विसरले होते! तेव्हापासून आमची जी जुंपली ती जुंपली.

ह्यांनी बहिणीला पाहिलं आणि विरघळले. "मागची खोली अक्काला. आत्ता खाट फळ्यांच्या मध्येच टाकू. एवढ्या वड्या वाळल्या, की फळ्या काढायच्या."

"आणि पुढच्या वड्या कुठे वाळवायच्या? तुमच्या टकलावर?"

"बहीण आहे माझी," हे म्हणाले. या वाक्यापुढे कुणाचं चालत नाही, माझं सोडून. पण तोंडाने नाही चाललं तर डोक्याने चालवावं लागतं.

सुनेचा चेहरा उतरला होता. मी तिला स्वयंपाकघरात ओढलं. "पुढचा घाणा कडुनिंबाच्या तेलाचा कर."

"आई, त्याचा वास किती येतो! खवट शेंगदाणे आणि कुजका लसूण एकत्र कुटल्यासारखा."

"येऊ दे. औषधी असतो."

"पण त्या खोलीत आत्या झोपतात ना."

"अगंबाई, हो का? माझ्या ध्यानातच नव्हतं."

सून माझ्याकडे बघत राहिली. मग तिने वजनकाटा पुढे ओढला, कडुनिंबाचं तेल ठरल्यापेक्षा दुप्पट घेतलं आणि त्या मानाने सोड्याचं माप नव्याने काढलं. पोराने बायको बरी निवडली, असं मला त्या क्षणी प्रथमच वाटलं.

वड्या कापल्या आणि अक्कांच्या उशापायथ्याशी मांडल्या. मी तर दार लावताना श्वास रोखला होता.

सकाळी अक्का टवटवीत. "काय झोप लागली गं! आणि सुवास किती मंद. जाईचा साबण ना तो?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. इकडे दाराच्या फटीतून तो वास आमच्या खोलीत शिरला होता आणि हे तोंडावर टॉवेल टाकून प्रेतासारखे पडले होते. मला वाटलं, बाई डाव ओळखून उलटा टोला मारते आहे. म्हटलं, ठीक आहे. सुनेकडून आणखी एक घाणा करून घेतला. अक्का म्हणाल्या, "जाई आज जास्त खुलली आहे." ह्यांनी स्वतःची गादी उचलली आणि पुढच्या ओसरीत नेली. शेजारीण विचारून गेली, गटार तुंबलंय का? सगळं गाव पळायच्या बेतात आणि जिला पळवायचं ती मांडी ठोकून बसलेली!

मग ते दुधाचं प्रकरण झालं. अक्का स्वयंपाकघरात शेगडीला लागूनच बसल्या होत्या, वड्यांवर गुंडाळायच्या कागदांना घड्या घालत. मी अंगणात कपडे झटकत होते. करपल्याचा वास माझ्यापर्यंत आला. धावत आत गेले तर पातेल्याचा कोळसा झालेला, दूध उतू जाऊन ओट्यावर जळत होतं आणि घड्याळ दुरुस्त करणाऱ्यासारखी मान खाली घालून अक्का घड्या घालतायत. पाठ शेगडीकडे. अंतर हातभर.

"अक्का! दूध!"

त्या दचकल्या. वळून पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सर्रकन सरकून गेलं. मग लगेच कपाळाला आठी. "मला वाटलं, तू मुद्दाम आटवतेयस."

मुद्दाम आटवतेय! मी गॅस बंद केला, पातेलं मोरीत ठेवलं, आणि डोक्यात एक किडा वळवळायला लागला. ओट्याच्या कोपऱ्यात सांडलेलं पुसायला व्हिनेगरची बाटली ठेवलेली असते, बिनचिठ्ठीची. मी तिचं बूच काढलं आणि लाडीगोडीने म्हटलं, "अक्का, तुमच्यासारखं नाक कुणाचं नाही. हे नवीन अत्तर आणलंय सुनेने. बघा बरं कशाचं."

त्यांनी बाटली नाकाशी धरली. असा दीर्घ श्वास घेतला, की एखाद्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या असत्या. डोळे मिटले. विचार केला.

"गुलाब आहे," म्हणाल्या. "पण भेसळीचा. तुम्हाला फसवलं."

मी पदराचा बोळा तोंडात कोंबून अंगणात गेले आणि वाळत घातलेल्या चादरीमागे उभी राहून पोट दुखेपर्यंत हसले. नाक मेलेलं! ज्या नाकाने आयुष्यभर माझ्या फोडणीत खोड काढली, ते ठार मेलेलं! आणि बाई कुणाला पत्ता लागू देत नव्हती. माझ्या हातात आयतं कोलीत आलं होतं. पार्लरवाली येईल तेव्हा हे असतील, सून असेल. सगळ्यांदेखत अक्कांना वास ओळखायला सांगायचं, की संपलं. तोंड लपवायला रिक्षा बोलावून परत जातील आणि खोली मोकळी. सुनेला एक अक्षर सांगितलं नाही. असली मजा वाटून खायची नसते.

पार्लरवाली यायची त्या सकाळी मी मागच्या खोलीच्या दाराशी थबकले. अक्का ठेवणीतलं लुगडं नेसून फळ्यांपुढे उभ्या होत्या. एकेका वडीवर बोट ठेवून ओठ हलवत होत्या. पांढरी, जाई. पिवळी, संत्रं. तपकिरी, कॉफी. हिरवी... इथे अडकल्या, वडी नाकाला लावली, पुन्हा लावली, तळहातावर घासून पुन्हा लावली. मग तशीच जागेवर ठेवली आणि लुगड्याला हात पुसले. मी पाऊल न वाजवता मागे फिरले. मनात म्हटलं, करा पाठ. रंगावरून ओळखायचा बेत दिसतोय.

पार्लरवाली आली, बसली, पाणी प्यायली. बाई हुशार, बोलणं तुपातलं. सुनेने वड्या ताटात मांडल्या. मी तोंड उघडायच्या आतच ह्यांनी माझं काम केलं. "आमची अक्का आहे ना, तिच्या नाकाची बरोबरी यंत्र नाही करणार!"

"खरंच? मग आजी, तुम्हीच परीक्षा घ्या," पार्लरवाली टाळी वाजवून म्हणाली. "डोळे मिटून हं. माझ्या गिऱ्हाइकांचे डोळे लेपाने झाकलेले असतात, त्यांना नुसता वास कळतो. ओळखता आला तर साबण खरा."

अक्कांचे ओठ पांढरे पडले. पाठ केलेले रंग गेले गटारात. त्यांनी डोळे मिटले, पार्लरवालीने एक वडी हातावर ठेवली. अक्कांनी ती नाकाशी नेली. हे छाती फुगवून बसलेले. वडी नाकाच्या शेंड्यावर टकटक आपटत होती.

मी याच क्षणाची वाट बघत होते. आणि हा क्षण आला तर मला बाई त्यात काही गोडीच लागेना. कुस्ती खेळायला आलो आणि समोरचा पैलवान तापाने फणफणलेला, असं झालं.

"अक्का," मी मोठ्याने म्हटलं, "जुन्या घराच्या दारावरच्या वेलाखाली तासन्‌तास बसायचात, तशा आता हरवू नका. तेव्हा ह्यांचा तो मित्र जायचा रस्त्याने, आज कुणी जात नाही."

अक्कांचे कान लाल झाले. मग आवाज खणखणीत, "जाई. आणि तो मित्र तुझ्या नवऱ्याचे उसने नेलेले कपडे परत करायला यायचा."

"बरोबर!" पार्लरवाली ओरडली. पुढची वडी दिली.

"डोळे घट्ट मिटा हो," मी म्हटलं. "ह्यांनी लहानपणी सालं पिळून तुमच्या डोळ्यांत रस उडवला होता, तशी वेळ नको."

"संत्रं."

हे माझ्याकडे बघायला लागले. तिसरी वडी आली.

"आता घाई करू नका. सकाळचा पेला पोटात गेल्याशिवाय तुमचं डोकं सुरू होत नाही, आम्हाला माहीत आहे. घरात बाकी सगळे चहा पितात, तुमचंच वेगळं."

"कॉफी. आणि तुझ्या घरची फुळकवणी."

राहिली हिरवी. ती ताटातून उचलतानाच पार्लरवालीने स्वतः मान मागे घेतली. मी उसासा टाकला. "ह्यांच्या मांड्यांना खरूज झाली होती ना, तेव्हा सासूबाई कुठला पाला उकळून त्यांना टबात बसवायच्या, नावच आठवत नाही मेलं."

"अगं!" हे किंचाळले.

"कडुनिंब," अक्का म्हणाल्या. डोळे उघडले आणि वडी ताटात ठेवली. "घाण मारतो. पण खरा आहे म्हणूनच मारतो. सुवासिक कडुनिंब कुणी विकला तर पोलिसांत द्या."

पार्लरवालीला ते इतकं पटलं, की तिने सगळ्यांत जास्त हिरव्याच वड्या सांगितल्या. वास आला की गिऱ्हाइकाला औषध लावल्याचं समाधान मिळतं म्हणे. जाताना तिने विचारलं, "तुम्ही दोघी नेहमी अशाच बोलता?"

"ती बोलते," अक्का म्हणाल्या. "मी सोसते."

ती गेल्यावर हे डोकं धरून बसले. दर महिन्याला माल द्यायचा, म्हणजे फळ्या हलवून चालणार नाही. बहिणीला शब्द दिलेला, म्हणजे बहीणही हलवून चालणार नाही. शिवाय परक्या बाईसमोर खरूज निघाली. सून ताट घेऊन उभी राहिली होती, ठेवायचं भान नव्हतं तिला.

"फळ्या राहू दे," अक्काच म्हणाल्या. "माझी खाट खिडकीखाली बसते."

मी त्यांच्यामागे खोलीत गेले, दार लावलं. वासाने माझ्या डोळ्यांना पाणी आलं, हे वासानेच.

"कधीपासून ठाऊक आहे?" त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

"व्हिनेगरला गुलाब म्हणालात तेव्हापासून."

"व्हिनेगर होतं ते?" त्या खाटेवर बसल्या. "मागे मोठी आजारी पडले, त्यानंतर नाक गेलं. मुलाकडे गॅस चालू राहिला, मला कळलंच नाही. माझी सून म्हणाली, म्हातारीला भ्रम झाला. मुलगा वृद्धाश्रम बघायला लागला. म्हणू दिलं मी भ्रम. नाक गेलं असं नाही सांगितलं." मग म्हणाल्या, "तू का नाही सांगितलंस? एवढी संधी चालून आली होती."

"सांगितलं असतं तर सगळे तुम्हाला बिचारी म्हणायला लागले असते. बिचारीशी भांडता येत नाही. लोक नावं ठेवतात."

त्यांनी हुंकार भरला. मी माझ्या अटी सांगून टाकल्या. शेगडीजवळ एकटं बसायचं नाही, गॅसला हात लावायचा नाही. त्यांच्या पोराला खरं काय ते कळवायचं, भ्रमाचा डाग अंगावर ठेवायचा नाही. आणि कडुनिंबाच्या वड्या गुंडाळायचं काम त्यांचं, कारण सून ते करताना दर पाच मिनिटांनी खिडकीबाहेर डोकं काढते.

"आणि माझ्या जेवणाला नावं ठेवायची नाहीत," मी शेवटी जोडलं. "वास येत नाही तर चव तरी काय डोंबल कळणार?"

"अर्धीच कळते," अक्का गादी झटकत म्हणाल्या. "म्हणून तर तुझ्या हातचं खायला आले."

उत्तर मला सुचलं, पण दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर बाई हिरव्या वड्यांच्या राशीत मांडी घालून बसल्या होत्या आणि सुनेला ऐकवत होत्या की कागदाची घडी अशी नाही, अशी घालायची.