आरशांचे यान

मित्रांनो, मार्तंड मास्तरांच्या टेबलावर एक पत्र आठ महिने माझ्या पायाखाली पडून होते. त्यांनी उत्तर दिले नाही, त्यात थोडा दोष माझाही आहे.

मी एक जुने यान आहे. खरे नव्हे, शाळेतले. काशीदच्या शाळेत शिकवताना मास्तरांनी मला तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून आणि मोडक्या छत्रीच्या काड्यांतून घडवले. शनीकडे निघालेले यान म्हणून प्रदर्शनात माझे कौतुक झाले. उन्हापासून वीज मिळावी म्हणून मला आरशांचे दोन पंख होते.

सातवीतल्या क्रांतीने विचारले, "सर, शनीपाशी ऊन इतकं कमी, मग हे आरसे काय करणार?"

मास्तर गोंधळले. "सूर्य सगळीकडे पोचतो. बस खाली."

वर्ग हसला. क्रांतीने पुन्हा कधी हात वर केला नाही.

पुढे मास्तर निवृत्त झाले आणि मी त्यांच्या घरी आले. खाऱ्या वाऱ्याने माझा पत्रा खाल्ला. फार थकले आहे मी.

क्रांती आता उरणला शिक्षिका आहे. तिने लिहिले होते, 'सर, माझ्या वर्गातली इरा तोच प्रश्न विचारते. तिला काय सांगू?' मास्तर रोज 'चि. क्रांतीस' एवढे लिहीत आणि कागद फाडत.

क्रांतीची आई केसर दारावर मासे विकायला येते. परवा टोपली उतरवत म्हणाली, "मास्तर, पोरीला कागुद लिवला का न्हाय?"

"चूक माझीच होती, केसरबाई. कशी लिहू?"

"शनीवर यान धाडलंव, आन उरणला कागुद जात न्हाय तुमचा."

मित्रांनो, माझी खरी भावंडे नेपच्यूनच्याही पार गेली आहेत. वीज सरत आली, म्हणून एकेक यंत्र बंद करून ती दिवस काढतात. तरी पृथ्वीवरून हाक गेली की दोनेक दिवसांत त्यांचे उत्तर येते.

त्या दुपारी मास्तरांनी माझे आरसे काढले आणि तिथे इंधनाची पेटी म्हणून काळी रंगवलेली काडेपेटी चिकटवली. मग लिहिले, 'तुझे बरोबर होते. शनीपाशी ऊन जेमतेम शंभरावा हिस्सा उरते. तिथे गेलेल्या यानांनी किरणोत्सारी इंधनाच्या उष्णतेतून वीज मिळवली. मला ठाऊक नव्हते, आणि तसे म्हणवले नाही. हे वर्गात मोठ्याने वाच.'

माझ्यावरची धूळ राहिली तरी चालेल, मित्रांनो. विचारणाऱ्याला मात्र ताटकळत ठेवू नका.

टपालपेटी खिडकीतून दिसते. मास्तर तिच्यापासून दोनदा परत फिरले. तिसऱ्यांदा पत्र टाकले, आणि ते आत पडले ना, म्हणून पेटीच्या तोंडात बोटे घालून पाहिले.