गोदीच्या पायऱ्या

नीलमने मूठ वळून खांबावर टकटक केले. आतून पोकळ आवाज आला आणि गुलाबी रंगाचा एक पापुद्रा सुटून तिच्या चपलेवर पडला.

"पोकळच बांधले होते," ती सिद्धेशला म्हणाली. "घाबरू नका."

सिद्धेश सोसायटीचा सेक्रेटरी. त्याला घाबरण्याचे कारण होते. खाऱ्या हवेने खांबांतले लोखंड गंजले होते, आणि गेल्या महिन्यात एक मोठा ढलपा एका गाडीच्या काचेवर आला होता. म्हणून तर त्याने मूळ आर्किटेक्टला शोधून काढून बोलावले होते.

गोराई खाडीच्या बोरिवलीकडच्या काठावर पूर्वी रेतीचे बार्ज दुरुस्तीला येत. ती गोदी बंद पडली, तेव्हा नीलमने तिथे ही वसाहत उभी केली. मधले पाणी तसेच ठेवले आणि भोवती चार इमारती रचल्या. जहाजाला असतात तशा गोल खिडक्या, गच्चीवर अर्ध्या चंद्रासारख्या कमानी, हळदी आणि गुलाबी रंग. आणि फाटकातून शिरताच हे दोन अगडबंब खांब. त्यांच्यावर ना छत होते ना तुळई. त्यावरून काहींनी तिची टिंगल केली, काहींनी तिला डोक्यावर घेतले. वास्तुकलेची मुले अजूनही इथे चित्रे काढायला येत.

नीलमला त्या खांबांची कधी लाज वाटली नाही. तिचे वडील, अंबादास, परभणीकडून मुंबईत आले आणि फोर्टातल्या एका बँकेत शिपाई म्हणून लागले. शनिवारी ते तिला कांजूरमार्गच्या घरून बँकेत सोबत नेत. बँकेच्या दारातल्या दगडी खांबाला ती मिठी मारायची, हात निम्म्यालाही पुरायचे नाहीत. बँकेला असे खांब आणि आपल्या माणसांच्या घरांना नुसते ठोकळे, हे तिला तेव्हापासून खटकत होते. पहिले मोठे काम हाती आले तेव्हा तिने हिशेब चुकता केला. उद्घाटनाला वडील आले, खांबाजवळ उभे राहिले आणि वर पाहत म्हणाले, "मस्टरवर सही कुठं करायची?" त्यांचे ते हसणे तिला अजून आठवत होते.

सिद्धेशने कमिटीचा बेत सांगितला. खांब, कमानी सगळे पूर्ववत करायचे. खाली तिच्या नावाची संगमरवरी पाटी लावायची. त्याच कामात गोदीच्या जुन्या पायऱ्या भिंत घालून बंद करायच्या. पालिकेला द्यायच्या नव्या नकाशावर मूळ आर्किटेक्टची सही असली की काम सोपे होणार होते.

"पायऱ्या कशाला बंद करताय?" तिने विचारले.

सिद्धेशने मान खाजवली. मुले पाण्याकडे जातात, डास होतात, असे काहीबाही सांगून झाल्यावर तो खरे बोलला. भरतीला एक मासेवाली होडी घेऊन त्या पायऱ्यांना लागते. नव्याने राहायला आलेल्यांना वास सहन होत नाही. तक्रारींवर तक्रारी येतात. तो स्वतः देवगडचा, त्याच्या घरी सुक्या बांगड्याशिवाय जेवण होत नसे. पण सेक्रेटरीला सगळ्यांचे ऐकावे लागते, असे तो म्हणाला, आणि हे बोलताना त्याने नीलमकडे पाहिले नाही.

ती एकटीच पाण्याकडे गेली. भरती चढत होती. काळ्या दगडाच्या रुंद पायऱ्या अर्ध्या पाण्यात होत्या आणि खालच्या पायरीला होडी टेकली होती. मासेवाली शकु टोपलीतली कोळंबी मापून देत होती. एक आजोबा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात पाय सोडून बसले होते. दोन बायका भावावरून शकुशी भांडत होत्या आणि भांडता भांडता तिच्या सुनेच्या बाळंतपणाची चौकशीही करत होत्या. वरच्या पायरीवर कुणी पापड वाळत घातले होते. नीलम बराच वेळ उभी राहिली. या पायऱ्यांसाठी तिने कागदावर एक रेघसुद्धा ओढली नव्हती. फोडायला फार खर्च आला असता, म्हणून त्या राहिल्या होत्या.

मागे वळून तिने खांबांकडे पाहिले. तिथे कुणीच नव्हते.

संध्याकाळच्या सभेत लोक तिच्यासाठी उभे राहिले. कुंदा नावाच्या बाईंनी पुष्पगुच्छ दिला आणि आपल्या लेकीच्या लग्नाचे फोटो याच खांबांपाशी काढले, हे आवर्जून सांगितले. सिद्धेशने नकाशा टेबलावर पसरला, पेन पुढे केले. नीलमने पेन घेतले आणि दोन्ही खांबांवर सावकाश, ठळक फुल्या मारल्या. मग नव्या भिंतीवर तिसरी.

सभागृहात कुजबुज झाली. खांब आमची ओळख आहेत, एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, मॅडमचा काहीतरी गैरसमज झालाय.

"गैरसमज नाही," नीलम म्हणाली. "खांब मी बांधले, तर पाडा असं मीच सांगू शकते. पायऱ्या माझ्या नाहीत. त्या बुजवायला मी सही करणार नाही."

"मॅडम, तुमचं नाव आहे त्या खांबांवर," सिद्धेश हळूच म्हणाला.

"माझ्या वडिलांनी बघितले ते. काम झालं."

वाद तासभर चालला. वासाचा विषय निघाला, कोण काय खातो इथपर्यंत गेला, कुंदाबाई रडवेल्या झाल्या. शेवटी खांब उतरवायला लोक कसेबसे राजी झाले. पायऱ्यांसाठी हात वर करायला सांगितले, तेव्हा त्या ठेवायच्या बाजूने आणि विरोधात सारखेच हात दिसले. सेक्रेटरीचे मत राहिले होते. सिद्धेशने कमिटीच्या लोकांकडे पाहिले, नकाशाची घडी घातली आणि पायऱ्यांच्या बाजूने हात वर केला.

पावसाळ्यानंतर खांब उतरवले. नीलम पाहायला आली होती. मजुरांना वाटले होते दिवस जाईल, पण जेवणाच्या सुट्टीआधीच आटोपले. राडारोडा ट्रकमध्ये भरला जाईपर्यंत ती थांबली, ओढणीने डोळ्यांतली धूळ पुसली आणि पायऱ्यांवर जाऊन बसली. होडी लागलेलीच होती. तिने कोळंबीचा भाव विचारला आणि तो जास्त आहे असे ठासून सांगितले.

शकुने तिला निरखले. "बाय, नवीन राहायला आलीस काय?"

"नाही गं. बघायला आले होते."

"काय बघायचं आता? ते खांब पाडले बघ. ज्या बाईनं बांधले, तिनंच पाडायला लावले म्हणतात. डोकं फिरलं असेल."

"असेल," नीलम म्हणाली. "अर्धा वाटा दे. आणि मोठी मोठी बघून घाल."

शकुने हाताला लागतील तशी कोळंबी पिशवीत घातली. नीलमने त्यातली बारीक वेचून परत टोपलीत टाकली, आणि दोघींचे भांडण जुंपले.