कामात गढलेला, दोन अक्षरी

"दिल्लीत मराठी भाषा आजवर तीनदा बुडता बुडता वाचली, आणि तिन्ही वेळा तिला या दोन हातांनी बाहेर काढलं," भाऊसाहेब मोहरील उभे राहून म्हणाले आणि पुराव्यादाखल त्यांनी दोन्ही हात पुढे केले. उजव्या हातात चकली होती.

श्रोते तीन. एक त्यांच्या पत्नी कुमुदताई. ही तिन्ही बुडणी त्यांनी काठावरून पाहिली होती. दुसरी समता गजभिये, जिच्या हाती आज मासिक जायचं होतं. तिसरे गृहस्थ पाण्याचा फिल्टर दुरुस्त करायला आलेले. त्यांना मराठीचा गंध नव्हता, पण टाळ्या वाजवल्या त्या त्यांनीच. मग "आंटी, फिल्टर हो गया," असं सांगून ते निघून गेले आणि श्रोतृवर्ग एकतृतीयांशाने घटला.

भाऊसाहेब बसले.

'आडवं-उभं' हे शब्दकोड्यांचं मासिक एकतीस वर्षांपूर्वी दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये जन्मलं. भाऊसाहेब तेव्हा एका केंद्रीय मंत्रालयात अवर सचिव होते. निवृत्तीनंतर ते मासिकासह दिल्लीतल्याच द्वारकेच्या या सोसायटीत आले. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा, नागपूर, जिथे जिथे मराठी माणसाला दुपारी झोप येत नाही तिथे तिथे अंक जात असे. संपादक, प्रकाशक आणि मुद्रितशोधक एकटे भाऊसाहेबच. चुकीचं उत्तर पाठवणाऱ्या वाचकाला ते स्वहस्ते पोस्टकार्ड लिहीत. ही पोस्टकार्डं इतकी बोचरी असत, की काही वाचक मुद्दाम चुकीची उत्तरं पाठवतात असा कुमुदताईंना संशय होता.

आता पंचाहत्तरी उलटली. मुलगा अनुराग गुरुग्रामला एका मोठ्या कंपनीत होता; त्याचं मराठी 'जेवलो' आणि 'निघतो' या दोन शब्दांवर चालत असे. मासिक कोणाला द्यायचं, यावर भाऊसाहेबांनी दोन वर्षं काढली आणि शेवटी समताला निवडलं. समता अडतीस वर्षांची, सरकारी नोकरीतली, दिल्लीतच वाढलेली. तिचे वडील सुखदेव गजभिये मूळचे भंडाऱ्याचे. त्यांनी मुलीला मराठी शिकवलं ते याच मासिकावर. त्यामुळे तिचं मराठी जरा चमत्कारिक झालं होतं. लामणदिवा, पागोळी, शिंकाळं हे शब्द तिला झोपेतून उठवलं तरी सांगता येत, पण बोलताना दर चौथ्या वाक्याला ती 'चलो' म्हणे. गेल्या अंकात तिचं नाव जाहीर झालं, तेव्हा एका वाचकाने 'नव्या संपादिका मूळच्या कुठल्या?' असं विचारलं होतं. 'सरोजिनी नगरच्या,' असं भाऊसाहेबांनी कळवलं होतं.

टेबलावर दोन कागद होते. एक म्हणजे निरोपाचं कोडं. भाऊसाहेबांनी स्वतः रचलेलं, शेवटचं. दुसरं संमतिपत्र, ज्यावर सही केली की 'आडवं-उभं' समताचं.

"आधी कोडं, मग सही," भाऊसाहेबांनी सकाळीच जाहीर केलं होतं. "तू तपासायचंस. चूक सापडायची नाही, पण तपासायचंस. तशी पद्धत आहे."

सव्वाअकरा वाजले होते. फरीदाबादच्या प्रेसला एक वाजेपर्यंत फाइल गेली नाही, तर मशीनवर लग्नपत्रिका चढणार होत्या आणि अंक पंधरा दिवस मागे पडणार होता. एकतीस वर्षांत अंकाचा दिवस कधी चुकला नव्हता.

समता पेन्सिल घेऊन तपासू लागली. भाऊसाहेब तिच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत तिच्याकडे बघत होते. पेन्सिल आडव्या शब्दांवरून सरळ चालत गेली. एक, चार, सहा, नऊ. चौदावर आली आणि थांबली.

पुढे जाईना.

"अडलं?" भाऊसाहेबांनी विचारलं. आवाजात थोडी काळजी आणि बराच आनंद होता. "तिथून खाली उतरणारा स्तबक म्हणजे फुलांचा गुच्छ. हल्ली कोणी म्हणत नाही."

"स्तबक माहीत आहे, काका."

"मग?"

पेन्सिल चौदाच्या चौकोनावर टेकलेलीच. कुमुदताईंनी चहाचे कप गोळा करायला घेतले होते, ते पुन्हा खाली ठेवले.

"काका, चौदा आडवा. 'कामात गढलेला, दोन अक्षरी'. उत्तर तुम्ही 'व्यस्त' दिलंय."

"हो. मग?"

"व्यस्त म्हणजे उलटा."

"कोण म्हणतं?"

समताने पेन्सिल खाली ठेवली. पाठ असल्यासारखं ती म्हणाली, "'चिरंजीव समतास आशीर्वाद. कामात बुडालेला तो व्यग्र. व्यस्त म्हणजे उलटा. जो स्वतःला व्यस्त म्हणवतो, तो वटवाघूळ असावा. तू शाळकरी मुलगी आहेस असं समजतो. पुन्हा असं होऊ नये.' मी सातवीत होते. बाबांनी तुमचं ते पोस्टकार्ड फ्रिजवर लावून ठेवलं होतं."

भाऊसाहेबांनी कागद स्वतःकडे ओढला. चष्मा वर केला, खाली केला, काढला, पुसला. कागदावर 'व्यस्त' तसाच होता. हिंदी अर्थ अंगावर लेवून, मराठी चौकोनात मांडी घालून बसलेला.

मग भाऊसाहेब हसले.

"शाबास! सापडलं तर!" त्यांनी टेबलावर थाप मारली. "मुद्दाम ठेवलं होतं. परीक्षा होती तुझी."

"अच्छा," समता म्हणाली.

दिल्लीतल्या 'अच्छा'ला सतरा अर्थ आहेत. यातला कुठला, हे विचारायचं धाडस भाऊसाहेबांना झालं नाही.

"विश्वास बसत नाही तुझा?"

"बिल्कुल बसतो, काका. मग बरोबर उत्तराची चौकट द्या ना. ती टाकते आणि फाइल पाठवते."

बरोबर उत्तराची चौकट नव्हतीच. भाऊसाहेबांनी खिशात हात घातला, जणू ती तिथे असावी, आणि नेमका तेव्हाच खिशातला मोबाइल वाजला. सुटका झाल्यासारखं त्यांनी तो उचलला.

"हां, अनुराग. नाही रे, अजून नाही झालं. नंतर कर. मी जरा व्यस्त आहे."

मोबाइल ठेवल्यावर आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं. ऐकू यायला तेवढा वेळ लागला. समताने नजर खिडकीकडे वळवली. बाहेर विमानतळाकडे उतरणारं एक विमान दिसत होतं. ते तिने पुरतं दिसेनासं होईपर्यंत पाहिलं.

भाऊसाहेब कुमुदताईंकडे वळले. "हे मी... कधीपासून?"

"बारा-पंधरा वर्षं झाली असतील," कुमुदताई म्हणाल्या.

"आणि तू सांगितलं नाहीस?"

"तुम्ही पोस्टकार्ड पाठवलं असतंत."

भाऊसाहेबांनी संमतिपत्र उचललं, घडी घातली आणि त्यावर तळहात ठेवला. त्यांचा आवाज एकदम कचेरीतला झाला.

"अंक जाणार नाही."

"काका..."

"हा नाही आणि पुढचाही नाही. बंद करायचं. चुकीचं कोडं घेऊन जाण्यापेक्षा मासिक गेलेलं बरं. ज्या घरात संपादकच असं बोलतो, त्या घरातून..." वाक्याला शेवट सापडेना, म्हणून त्यांनी तळहात अधिक दाबला.

"काका, हा अंक माझ्या नावाने निघतोय," समता म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण 'चलो' वगैरे सगळं त्यातून गळून गेलं होतं. "आतल्या पानावर संपादक म्हणून माझं नाव आहे. हा 'व्यस्त' छापून गेला तर तुमचा होणार नाही, माझा होईल. 'दिल्लीवालीने पहिल्याच अंकात हिंदी घुसवलं.' आणि अंक गेलाच नाही, तर म्हणतील, हिच्या हाती आलं आणि बंद पडलं. मी काय करायचं ते सांगा."

भाऊसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजून पाच मिनिटं.

"दे इकडे. व्यग्र बसवतो."

व्यग्र बसायला तयार नव्हता. 'स्त' गेला की त्यावरून उभा उतरणारा 'स्तबक' जाई, आणि त्याच्या जागी 'ग्र'वरून उतरणारा शब्द हवा होता. भाऊसाहेबांनी 'ग्रहण' घातलं. तेव्हा खालच्या 'चकवा'चा 'चणवा' झाला. तो भेळेत चालला असता, कोशात नव्हता. त्यांनी खोडलं. 'चकवा' काढून पाहिला, तर डावीकडचे तीन शब्द निराधार झाले. पुन्हा खोडलं. पूर्वी असा कोपरा ते दाढी करता करता मनात जुळवत. आज शब्द दाराशी येत, आत डोकावत आणि कोणी ओळखीचं नाही असं पाहून परत जात. कागदाला खोडरबरने भोक पडलं. साडेबारा झाले. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि पंखा तर चारवर होता.

कुमुदताई इतका वेळ उभ्याच होत्या. त्या समताकडे बघत होत्या आणि समता त्या भोकाकडे.

"काका, चौकटीला हात नका लावू," समता म्हणाली.

"चूक आहे ती!"

"चौकट बरोबर आहे. सूचक शब्द चुकलेत." तिने लॅपटॉप पुढे ओढला, चौदाव्या ओळीवर गेली, 'कामात गढलेला' पुसलं आणि टाइप केलं. मग पडदा त्यांच्याकडे फिरवला.

'सम नसेल, तर प्रमाण असं असतं (२)'.

भाऊसाहेबांनी वाचलं. बोटाने चौकोन मोजले, एक, दोन. सम प्रमाण, व्यस्त प्रमाण. पाचवी-सहावीचं गणित. 'व्यस्त' आपल्या जागी होता, आपल्या अर्थाने होता, त्याच्या खाली 'स्तबक' शाबूत, 'चकवा' शाबूत. एकही अक्षर हललं नव्हतं. त्यांनी पुन्हा वाचलं. चूक सापडली नाही. तिसऱ्यांदा वाचताना त्यांच्या डोळ्यांत जुनी चमक आली.

"'असं असतं' काढ. फापटपसारा आहे. 'सम नसलेलं प्रमाण', बस."

"नको."

"काय नको?"

"तशीच राहू दे. तुमची ओळ पंडितांना कळेल. ही सातवीतल्या मुलीलाही कळेल."

एकतीस वर्षांत त्यांना 'नको' म्हणणारं या टेबलावर कोणी बसलं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं. मोठं काहीतरी येणार, असं वाटून कुमुदताईंनी खुर्चीची पाठ धरली. भाऊसाहेबांनी तोंड मिटलं. तळहाताखालचा कागद काढला, घडी उलगडली, हाताने दोनदा सपाट केली. सही करायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. शेवटची रेघ त्यांनी नेहमीसारखी मागे फिरवली नाही, तशीच सोडून दिली.

"पाठव," ते म्हणाले. "लग्नपत्रिकांआधी."

बारा वाजून एकावन्न मिनिटांनी फाइल गेली. फरीदाबादहून 'मिल गया जी' आलं. कुमुदताईंनी नवा चहा टाकला. त्यात साखर घालायची राहिली, पण कोणी काही म्हणालं नाही.

समता निघाली तेव्हा भाऊसाहेब तिला सोडायला लिफ्टपर्यंत आले. लिफ्ट वरच्या मजल्यावर कोणाच्या तरी कपाटासाठी अडवून ठेवली होती, त्यामुळे दोघांना बराच वेळ शेजारी शेजारी उभं राहावं लागलं.

"पुढच्या महिन्याचं मोठं कोडं तू रचणार?"

"हो, काका. सुरुवात केलीये."

"अवघड आहे?"

"तुम्हाला नाही."

भाऊसाहेबांनी मान हलवली. लिफ्ट आली, दार उघडलं. समता आत शिरली तेव्हा त्यांनी एकदा मागे, घराच्या उघड्या दाराकडे पाहिलं, आणि लिफ्टचं दार हाताने अडवून आवाज खाली आणला.

"अंक मला पाठवशील ना, तर तेवढं उत्तरांचं पान आधी फाडून घे. मला धीर धरवत नाही."